काजव्याचं शून्य

४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार तुला, दादाला आणि दादाच्या घोरण्याला. पोचले, खोली मिळाली, कामावर रुजूही झाले. फोनवर आपण दोघी एकमेकींचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही आणि मागून दादा "आटपा आता" म्हणत राहतो, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. तसाही फोन दिवसभर गेटवर जमा करावा लागतो.

काम सांगते. लाकडाचा भुसा दाबून त्याच्या बोटाएवढ्या कांड्या करतात, बॉयलरमध्ये जाळायला. त्या कांड्यांचं हे गोदाम. आत शिरलं की समोर नुसता डोंगर, पिवळसर, छपरापर्यंत गेलेला. रंधा मारलेल्या ताज्या फळीचा वास येतो सगळीकडे. मी आलेल्या ट्रकांची नोंद ठेवायची आणि अधूनमधून ढिगाशेजारच्या बोळातून जाऊन, ढिगात खुपसलेल्या तापमापकांचे आकडे टिपून आणायचे. बाकी वेळ माझी केबिन. ती गोदामाला चिकटूनच आहे, एवढीशी, फळ्यांची. एका भिंतीला चौकोनी भोक आहे, त्यातून कांड्या वाहून नेणारा पट्टा जातो. टेबल, खुर्ची, एक स्टूल, पाणी तापवायची किटली. बाहेर हाडं गोठवणारा वारा आणि आत ऊब.

आणि माझा काजवा! म्हणजे गॅस मॉनिटर. काड्यापेटीहून थोडा मोठा, कॉलरला अडकवायचा. सगळं ठीक असलं की हिरवा दिवा लुकलुकतो. पहिल्याच दिवशी सेफ्टीवाल्या साहेबांनी शिकवलं. म्हणाले, "ढीग मेलेला नाही, तो श्वास घेतो. चांगली हवा ओढून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला ना वास, ना रंग. नाकावर विसंबू नका." एकाने यंत्र खिशात ठेवलं होतं, त्याला म्हणाले, "तुम्ही श्वास खिशातून घेता का?" ते ओरडलं की का ओरडलं ते शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं. आत कुणी पडलेलं दिसलं तरी धावत जायचं नाही, नाहीतर उचलायला एकाच्या जागी दोघं होतात.

खरी बातमी शेवटी ठेवली होती. वहिनी, मी झोपले. आई गेल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, तुला माहीतच आहे. काल जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये टेबलावर डोकं टेकलं आणि लागली की झोप! उठले तर गालावर पेनचा वळ.

तुझं घुबड

&nbsp;

११ डिसेंबर

प्रिय घुबड,

तुझं पत्र वाचून पहिलं काम काय केलं असेल तर तुझ्या दादाला दुपारच्या झोपेतून गदागदा हलवून उठवलं आणि सांगितलं, "अहो, तुमची बहीण झोपली!" तो म्हणाला, "मग मला कशाला उठवलंस?" आणि कुशीवर वळला. पण संध्याकाळी व्हॅन धुताना शीळ घालत होता.

दुकान बरं चाललंय. वजनकाटे लोक वापरतात एखाद्या गाढवासारखे आणि मग माझ्याकडे आणतात, हा बिघडला म्हणून. काल एक किराणावाला अर्धा तास हुज्जत घालत होता. तो म्हणतो वजन टाकून बघा, मी म्हणते आधी काही न टाकता बघू द्या. रिकामा काटा काय म्हणतो ते कळल्याशिवाय भरलेल्या काट्याचं मी ऐकत नाही. माझे वडील दुकानात असेच हट्टाने बसायचे, त्यांचाच गुण.

आईंच्या खोलीचं दार तुझा दादा अजून हळूच लावतो, आवाज न करता. मी पाहिलं की तो उगाच बिजागरीला तेल हवंय का ते बघतो. 

तुझ्या काजव्याला माझा नमस्कार सांग. आणि टेबलावर मान वाकडी करून झोपू नकोस, उशी पाठवते.

तुझी वहिनी

&nbsp;

२२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

उशी पोचली. तिच्यावर डोकं टेकून जे झालं ते सांगायला लिहितेय. हसू नकोस.

आई आली होती.

आधी सकाळपासूनचं सांगते, म्हणजे तुला ती खोली दिसेल. मी सगळ्यांच्या आधी येते. रात्रभर बंद असलेली केबिन उघडते, तेव्हा आतून लाकडाच्या वासाची ऊबदार लाट तोंडावर येते, एखाद्याने शालीत घ्यावं तशी. मग दार लावून काजवा चालू करायचा. खरं तर अंगणात करायचं सांगितलं होतं, पण लोडर चालवणारे काका म्हणाले, "पोरी, बाहेर बोटं झडतील. केबिन म्हणजे ऑफिस, गोदाम थोडंच आहे? आम्ही सगळे आतच करतो." काका देवमाणूस आहेत, गोदामामागेच राहतात, गुडघ्यांना दोन-दोन पट्टे बांधून काम करतात. त्यांचा नंबर या पानाच्या मागे लिहिलाय, काही लागलं तर. तर काजवा जागा होतो आणि विचारतो, हवा स्वच्छ आहे ना? मी बटण दाबून हो म्हणते. मग तो शून्य दाखवतो. नंतर त्याला छोट्या डब्यातला चाचणीचा गॅस हुंगवायचा. त्यावर तो असा किंचाळतो, लाल होतो, थरथरतो, की कावळे उडतात. म्हणजे यंत्र जागं आहे. मी हे एक दिवसही चुकवत नाही, तुझी नणंद शोभते की नाही?

दुपारी उशीवर डोकं टेकलं. पट्टा चालू होता, त्याची एकसारखी घरघर. त्या भोकातून पिवळा उजेड येत होता आणि त्यात भुशाचे कण तरंगत होते, अगदी सावकाश, जणू त्यांना खाली यायची घाईच नव्हती. मी डोळे उघडे ठेवूनच बघत होते असं वाटतं. आणि स्टुलावर आई बसली होती. तिची ती फिकट निळी साडी. मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, एकेक घेऊन घडी घालत होती. माझ्याकडे बघितलं नाही, पण मी आहे हे तिला माहीत होतं. जसं लहानपणी मी अभ्यास करताना बसायची तसं. खोलीत झाडं उगवली होती, उंच, शेंडे दिसत नव्हते, आणि आई त्या झाडांच्या बुंध्यांशी बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करत होती.

जाग आली तेव्हा डोकं जड होतं, पण मन इतकं हलकं, वहिनी. एका वर्षात पहिल्यांदा मी रडले ती दुःखाने नव्हे.

तुझं घुबड

&nbsp;

२९ डिसेंबर

प्रिय घुबड,

मी हसले नाही. पत्र दोनदा वाचलं आणि मग दुकानाचं शटर अर्धं ओढून बसले.

खरं सांगू? मला हेवा वाटला. त्या माझ्याकडे येत नाहीत. मी सून, तू लेक, त्यामुळे तुझा हक्क पहिला हे मान्य. पण शेवटचे महिने मीच तर होते त्यांच्यापाशी. एकदा तरी डोकावायचं.

तुला एक सांगितलेलं नाही. तू तेव्हा रात्रपाळीला जायचीस, तुला दिसलं नसेल. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, हृदयावर ताण नको म्हणून. आणि मोजून द्यायचं म्हटल्यावर ते काम कुणाकडे येणार? काटेवालीकडेच. मी दुकानातला छोटा काटा घरी आणला होता. पेला ठेवायची, पाणी ओतायची, आकडा आला की थांबायची. थेंब इकडचा तिकडे नाही. शेवटच्या दुपारी त्यांनी पेला रिकामा केला आणि म्हणाल्या, "अजून एक घोट दे गं." मी म्हटलं, "आई, आता संध्याकाळी." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळ झालीच नाही.

तुझ्या दादाला हे ठाऊक नाही. मला रोज तो पेला आठवतो. हिशेबाने मी बरोबर होते, आणि ते मला पुरत नाही.

तेव्हा एक काम कर माझं. पुन्हा त्या आल्या तर घाई करू नकोस, जरा जास्त वेळ बस तिथे. आणि विचार त्यांना, सुनेवर राग आहे का. बस एवढंच. वेडेपणा आहे, मला कळतं. तरी विचार.

तुझी वहिनी

&nbsp;

१० जानेवारी

वहिनी गं,

तू हे मला आधी का नाही सांगितलंस? एकटीच तो पेला उराशी धरून बसलीस. विचारते मी. नक्की विचारते.

आता ती जवळजवळ रोज येते. मी जेवणाची पूर्ण सुट्टी तिथेच काढते, आणि काम संपल्यावरही थोडी रेंगाळते. नवा माल आलाय, ट्रकामागून ट्रक, ढीग पार भोकाच्या वर चढलाय. हात लावला तर कांड्या कोमट लागतात, एखाद्या जनावराच्या पाठीसारख्या. केबिन इतकी ऊबदार झालीय की किटली लावावीशी वाटत नाही. अक्षर जरा वाकडं येतंय, समजून घे. डोकं ठणकतं हल्ली, दुपारी जेवण जात नाही. खोलीवर गेले की बरं वाटतं. खोलीवर झोप मात्र येत नाही. झोप इथेच राहते, माझी वाट बघत.

काजवाही माझ्यासारखाच लहरी झालाय. शनिवारी सकाळी त्याने शून्य दाखवायला नकार दिला. हवा स्वच्छ आहे म्हटलं तरी ऐकेना. काका म्हणाले बंद करून चालू कर. दोनदा नाही म्हणाला, मग मानला. आणि एक गंमत. त्याला घेऊन बाहेर अंगणात गेले की आकड्याच्या आधी उणे चिन्ह येतं! शून्याच्याही खाली. काका म्हणाले, बाहेरची हवा जास्तच चांगली असेल, त्याला मानवत नाही. आम्ही दोघं किती हसलो. आत आले की पुन्हा शहाण्यासारखं शून्य.

काल तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आई, वहिनी विचारतेय. तिने हातातली घडी बाजूला ठेवली. ओठ उघडले. झाडांमधून खूप लांबून काही तरी यायला लागलं, शब्दच असणार, आणि तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. मला त्याला धोपटावंसं वाटलं.

म्हणून ठरवलंय. येत्या रविवारी जाणार. सुट्टी असते, पट्टा बंद, ट्रक नाही, चिटपाखरू नाही. किल्ली माझ्याकडेच असते. दार लावून निवांत बसेन आणि उत्तर घेऊनच उठेन. तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही.

तुझं घुबड

&nbsp;

रविवार, १५ जानेवारी

घुबडा,

हे पत्र टपालात टाकायचं म्हणून लिहीत नाहीये. तुझा दादा व्हॅन काढून तुझ्याकडे निघालाय, तो पोचायला संध्याकाळ होईल. मला इथे फोनपाशी बसायला सांगून गेलाय. हात रिकामे राहिले तर मला वेड लागेल, म्हणून लिहितेय.

तुझं पत्र काल आलं. काल वाचून मला आनंद झाला, हे आधी कबूल करते. उत्तर येणार म्हणून मी आनंदात झोपले.

आज सकाळी बेकरीवाला काटा घेऊन दारात. रविवारी दुकान बंद असतं, पण त्याची भट्टी थोडीच बंद असते. म्हणाला, "ताई, हा उलटा चालतो, उणे दाखवतो." मी बघितलं. काट्यात काही बिघाड नव्हता. त्याचा माणूस सकाळी परात काट्यावर ठेवूनच काटा चालू करायचा. काट्याला काय, चालू होताना अंगावर जे असेल तेच त्याचं शून्य. परातीचं वजन त्याच्या दृष्टीने नाहीच. मग परात उचलली की तो बिचारा म्हणणार, उणे. मी बेकरीवाल्याला हे समजावून सांगत होते, आणि 'उणे' म्हणता म्हणता मला तुझं पत्र आठवलं. मी काट्यावरच हात टेकला.

तुझा काजवा, घुबडा. तू त्याला परात ठेवूनच चालू करतेस. त्या बंद केबिनमध्ये ढिगाचा श्वास रात्रभर भोकातून येऊन साठतो, आणि सकाळी तू बटण दाबून त्याला सांगतेस, हीच चांगली हवा. तो तुझं ऐकतो. चाचणीचा गॅस दाखवलास की किंचाळतो, कारण तो गॅस भरपूर असतो. पण रोज तुझ्या नाकाशी जेवढं आहे तेवढं त्याच्या लेखी नाहीच. तो खोटं बोलत नव्हता. त्याने नाही म्हणून पाहिलं, उणे म्हणून पाहिलं.

डोकं जड, जेवण जात नाही, खोलीवर बरं वाटतं. सगळं तू लिहिलं होतंस आणि मी वाचलं होतं. मला फक्त स्टुलावरच्या आई दिसल्या. आणि मीच लिहिलं, जरा जास्त वेळ बस. हे मी लिहिलं.

तुला फोन लावला, वाजत राहिला. मग तुझ्या डिसेंबरमधल्या पत्राच्या पाठीवरून काकांचा नंबर शोधला. ते आधी हसले, "रविवारी ती कशाला येईल?" मी ओरडले त्यांच्यावर, वयाचाही मान ठेवला नाही. म्हटलं, काका, तुमचं यंत्र घ्या, अंगणात उघड्यावर उभे राहा, तिथे चालू करा, आत नाही. शून्य आलं की मग केबिनच्या दाराशी न्या. ते ओरडलं तर तुम्ही आत शिरू नका, दार सताड उघडा आणि हाका मारा, अग्निशमनवाल्यांना बोलवा.  काका म्हणाले, "पोरी, आम्ही सगळेच आत चालू करतो गं." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून फोन वाजला नाही.

आई, तुम्ही खरंच त्या खोलीत असाल तर हात जोडते, उठा तिथून. मला उत्तर नको. तिच्याशी बोलू नका, तिच्याकडे बघू नका. तिला हाकलून द्या हवं तर, रागावून, मला रागवायच्या तसं. माझ्यावरचा सगळा राग तुमच्याकडेच ठेवा जन्मभर, पण तिला परत पाठवा.

फोन वाजतोय

&nbsp;

२३ जानेवारी

वहिनी,

दादाने तुला सगळं सांगितलंच असेल. तरी लिहिते, कारण डॉक्टर म्हणतात हात चालवत राहा.

मी दार लावून बसले होते. पट्टा बंद, घरघर नाही. इतकं शांत की भुशाचे कण खाली बसतानाही ऐकू येतील असं वाटलं. काजवा चालू केला, बराच वेळ नाही नाही म्हणत शेवटी मानला. हिरवा लुकलुकत होता. मी उशीवर गाल ठेवला. झाडं आली. आई आली, या वेळी स्टूल जवळ ओढून बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असं. मी तुझा प्रश्न विचारला. तिने घडी ठेवली, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं.

आणि तिच्या तोंडातून काजव्याची किंकाळी बाहेर पडली.

तसली कर्कश, न थांबणारी. तिचा चेहरा तसाच मायेचा, आणि तोंडातून तो आवाज. मला सहन होईना. आवाज दाराकडून येतोय असं वाटलं, म्हणून तो बंद करायला मी उठले. पाय माझे नव्हते. भिंत धरून धरून गेले, दार आधीच उघडलेलं होतं, बाहेर पांढरा उजेड आणि त्यात काका, उंबऱ्याबाहेर उभे, हात लांब करून यंत्र पुढे धरलेलं आणि रडत रडत ओरडत होते, "ये पोरी, इकडे ये, माझ्याकडे ये." आत एक पाऊल टाकलं नाही त्यांनी. नंतर म्हणाले, उभ्या जन्मात इतकं अवघड काही केलं नाही. मी उंबरा ओलांडला आणि पडले. काकांनी मला उचलून अंगणात नेलं. माझ्या कॉलरवरचा काजवा तेव्हाही हिरवा होता.

मी जिवंत आहे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आता काढलाय. सगळे म्हणतात वहिनीमुळे वाचलीस. खरं आहे.

पण खोटं बोलत नाही, मला तुझा राग आलाय. डॉक्टर म्हणतात ती आई नव्हती, मेंदूला हवा कमी पडत होती. म्हणजे एका वर्षाने मिळालेली झोप विषाची होती, आणि आई म्हणजे ढिगाचा श्वास. तू मला जगवलंस आणि आईला दुसऱ्यांदा नेलंस. हे लिहिताना मला लाज वाटतेय, तरी लिहिते.

घुबड

&nbsp;

३० जानेवारी

प्रिय घुबड,

राग धर. हवा तेवढा धर. रागावायला तू आहेस, याचंच मला इतकं बरं वाटतं की तू शिव्या दिल्यास तरी मी पाकिटाला ओवाळीन.

तुझ्या दादाने परत येऊन काय केलं सांगते. आईंच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि खिडक्याही. दिवसभर वारा आत-बाहेर. मी त्याला त्या पेल्याचं सांगितलं. तो उठून आत गेला. थोड्या वेळाने दोन पेले पाणी घेऊन आला, एक मला दिला, एक स्वतः प्यायला. न मोजता भरलेले, काठोकाठ, माझ्या पदरावर सांडलं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मी आता मागत नाही. तू जेव, झोप नाही आली तर नुसती पडून राहा. घरी यायचं असेल तर ये. नसेल तर तिथेच राहा, पण उघड्या हवेत.

तुझी वहिनी

&nbsp;

१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

कामावर परत गेले. केबिन बंद केलीय, भोक बुजवून टाकलंय, माझं टेबल गेटजवळच्या खोलीत हलवलंय, तिला दोन खिडक्या आहेत. सेफ्टीवाल्या साहेबांनी सगळ्यांना अंगणात उभं करून विचारलं, आत कोण कोण चालू करायचं? सगळ्यांचे हात वर. साहेबांनाही रागावता येईना, कारण ऊब म्हणून त्यांनीही कधी तरी तिथेच चहा घेतला होता. आता सकाळी आम्ही सगळे वाऱ्यात उभे राहतो, बोटं बगलेत घालून, आणि काजवे जागे होण्याची वाट बघतो. उणे दिसलं तर ते यंत्र तिथेच बाजूला, दुरुस्तीला. काकांनी अंगणातल्या खांबाला माझ्यासाठी हातमोजे टांगून ठेवलेत. माझ्या नजरेला नजर देत नाहीत अजून, पण मोजे रोज तिथे असतात.

झोप अजून रुसलेलीच आहे. येते थोडी थोडी.

आता तुझं. तू मागत नाहीस, तरी सांगते. हे केबिनमधलं नाही, दवाखान्यातलं आहे, आणि मी पूर्ण शुद्धीत होते.

पहिल्या दिवशी मला उलट्या होत होत्या, म्हणून पाणी बंद. घसा सुकून लाकूड झालेला. एक नर्स होती, तुझ्याच वयाची. मी तिला म्हटलं, "एक घोट द्या ना." ती म्हणाली, "आत्ता नाही, थोड्या वेळाने." वहिनी, मला तिचा इतका राग आला! मी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

भिंतीकडे तोंड करून पडले आणि मला ऐकू आलं, ती गेली नव्हती. खुर्ची ओढून माझ्या पाठीशी बसली होती. कापसाचा बोळा ओला करून तिने मागूनच हात लांबवून माझ्या ओठांना लावला. पुन्हा ओला केला, पुन्हा लावला.  राग कुठे गेला कळलंच नाही. मला नुसतं वाटत होतं, ही उठून जाऊ नये. मान वळवून तिला तसं सांगावं म्हटलं, तर मान वळवायचीही ताकद नव्हती. ती बिचारी समजली असेल, अजून रागावलीय.

आईला राग आला नव्हता असं मी म्हणणार नाही. आला असणार, घोटभर. नंतरचं तुला दिसलं नाही, कारण तिचं तोंड भिंतीकडे होतं. तू तिथेच बसली होतीस ना, वहिनी? दादा सांगतो, तू जागची हलली नव्हतीस.

आज अंगणात वारा नव्हता. काजव्याला विचारलं, त्याने लगेच शून्य दाखवलं. मग मोजे काढले आणि हे लिहायला बसले. रविवारी घरी येतेय, आईच्या खोलीत माझं अंथरूण घालून ठेव, खिडकीखाली.

तुझं घुबड